येळ्ळूरच्या घराचं विजेवर चालणारं सरकतं गेट: कामाच्या नोंदी

११ जानेवारी

जुनं दोन पल्ल्यांचं लोखंडी गेट काढून विजेवर चालणारं बसवायचं ठरलं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली दुसरी पाळी संपवून मी येळ्ळूरला पोचेपर्यंत बारा वाजतात, आणि तेवढ्यासाठी आई गुडघे धरत उठून कडी काढते. पावसाळ्यात तर छत्री, बॅटरी आणि चिखल. हे थांबवायचं आहे.

आज फक्त मापं घेतली. गाडीवाटेची रुंदी १४ फूट. रस्त्यापासून घराकडे दहा फुटांत ११ इंच चढ. पल्ल्यांच्या गेटचा विषय इथंच संपला. आत उघडायचं तर पल्ल्याचा तळ चढावर घासणार. तळ तेवढा वर घेतला तर खालून कुत्रंच काय, माणूससुद्धा सरपटत आत येईल. बाहेर उघडायचं तर रस्ता गावाचा आहे, तिथं पल्ला फिरवायचा हक्क आपल्याला नाही. शिवाय आमचे खांब चिऱ्याचे आहेत. पल्ला ढकलणाऱ्या मोटरीचा सगळा हिसका खांबावर येतो, आणि चिऱ्यात ठोकलेले फास्टनर काही वर्षांत ढिले होतात.

म्हणजे सरकतं गेट. त्याला गेट मागं जायला जागा लागते: १४ फुटांच्या वाटेसाठी गेट १५ फुटांचं, आणि बाजूला निदान साडेसोळा फूट सरळ मोकळी भिंत. डाव्या हाताला कडीपत्त्याच्या झाडापर्यंत १८ फूट भरली. झाड वाचलं.

१९ जानेवारी

बेळगावात वेगवेगळ्या दुकानांतून दर काढले. सगळीकडे पहिला प्रश्न एकच: "गेट किती किलोचं?" आणि पहिला सल्लाही एकच: "मोठी मोटर घ्या, हजार किलोची. वजन वाढलं तरी ओढते."

हा सल्ला मला पटत नाही. मोटर मोठी म्हणजे मधे कोणी सापडलं तर तेवढ्याच जोरानं दाबणार. युरोपात ईएन १२४५३ नावाचं मानक आहे. गेटच्या कडेत आणि खांबात काही सापडलं तर आदळतानाचा जोर ४०० न्यूटनच्या वर जाता कामा नये, आणि पाऊण सेकंदाच्या आत तो १५० न्यूटनच्या खाली आला पाहिजे, असं त्यात आहे. १५० न्यूटन म्हणजे साधारण १५ किलोचा दाब. २०१० साली ब्रिटनमध्ये थोड्याच दिवसांच्या अंतरानं दोन लहान मुली अशा गेटमध्ये चिरडून गेल्या. आमच्या गल्लीतली पोरं दिवसभर गेटला लोंबकळत असतात. त्यामुळं 'किती ओढते' याच्या आधी 'किती लवकर थांबते' हे विचारायचं ठरवलं.

दोन प्रकार समोर आले. पहिला, २३० व्होल्टवर थेट चालणारी एसी मोटर. स्वस्त, दणकट, पण करंट गेला की गेट जागच्या जागी, आणि जोराचं नियंत्रण ढोबळ. दुसरा, २४ व्होल्टची डीसी मोटर. पेटीत १२ व्होल्ट, ७ अँपियर-तासाच्या दोन बॅटऱ्या बसतात, शेवटच्या फुटात वेग कमी करता येतो, आणि अडथळा लागला की मोटर चालवणाऱ्या बोर्डाला ते लगेच कळतं. आमच्याकडे वळवाच्या दिवसांत लाईन कधी ट्रिप होईल सांगता येत नाही. डीसीच घ्यायची. किंमत जवळपास दुप्पट.

रिमोटची चौकशी कोणीच आपणहून करत नाही, पण चोराच्या दृष्टीनं खरी कुलूप-किल्ली तीच. ठरावीक कोडचा रिमोट असेल तर चावी बनवणारा दोन मिनिटांत त्याची नक्कल काढून देतो. म्हणजे गाडी धुवायला दिली तेवढ्या वेळातही कोणी काढू शकतो. दर वेळी कोड बदलणारा, रोलिंग कोडचा रिमोट हवा. एका दुकानात मी दाखवायला ठेवलेला रिमोट मागून घेतला आणि समोरच्याच चावीवाल्याकडून नक्कल करून पाहिली. झाली. तो सेट यादीतून कटाप.

२ फेब्रुवारी

गेटचा आराखडा. चौकट ४० बाय ४० मिलिमीटरच्या, २ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाईपची. मीटरला साधारण २.४ किलो. पत्रा १.२ मिलिमीटरचा, चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आत. पूर्ण उंचीला पत्रा लावला तर हिशोब १५० किलोच्या आसपास जातो.

आईला पूर्ण पत्राच हवा होता, आतलं काही दिसू नये म्हणून. पण आषाढात वारा सुटला की बंद पत्र्याचं गेट शिडासारखं फुगतं आणि सगळा भार गेटला वरून धरणाऱ्या रोलरवर येतो. शेवटी खालचे चार फूट पत्रा आणि वर उभ्या सळ्या, असं ठरलं. आडव्या सळ्या मुळीच नाहीत. त्या बाहेरच्या माणसाला शिडी होतात.

सळ्यांच्या मागं बारीक वेल्डमेश जाळीही घातली, आणि यामागचं कारण लिहून ठेवण्यासारखं आहे. सरकत्या गेटच्या सळ्यांमधून कोणी हात घातलेला असताना गेट सुरू झालं, तर सळी आणि खांब यांच्यामध्ये हात कात्रीत सापडल्यासारखा सापडतो. फोटोसेल, म्हणजे वाटेत काही आडवं येऊन किरणाची रेषा तुटली की गेट बंद होऊ न देणारी सोय, तिथं काही करू शकत नाही, कारण हात त्याच्या रेषेत नसतोच. खाली पत्रा आणि वर जाळी हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त आणि कधीही न बिघडणारा उपाय.

माणसांनी ये-जा करायला तीन फुटांचं वेगळं छोटं गेट उजव्या बाजूला. पोस्टमन, दूधवाला, शाळेची मुलं यांच्यासाठी मोठं गेट उघडायचंच नाही.

१४ फेब्रुवारी

गेट ज्यावरून सरकतं त्या ट्रॅकचा पाया खणायला सुरुवात. गवंडीमामांनी आधी नऊ इंच सांगितले होते. फूटभर खणल्यावर हातात माती घेऊन त्यांनीच थांबवलं. "काळी माती हाय वो. हिच्यावर टाकलासा तर पावसाळ्यात सगळं उचलतंय. मुरूम लागेपर्यंत जाऊया."

बरोबर होतं त्यांचं. आमच्या शिवारातली ही भाताची माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरचा ट्रॅक पाव इंच जरी उचलला तरी गेट अडकणार. अडीच फुटांवर मुरूम लागला. काम लांबलं, मजुरी वाढली.

१७ फेब्रुवारी

तळाला मुरूम कुटून भरला, वर साधं काँक्रीट, त्यावर १२ मिलिमीटरच्या चार सळ्या आणि ८ मिलिमीटरच्या रिंगा घालून ३१ फूट लांबीचा बीम. मोटरीचा चौथरा त्याच ओतकामात घेतला, जमिनीपासून सहा इंच उंच. दुकानदाराच्या कागदावर उंची कमी होती, पण इथल्या पावसात पेटीत पाणी गेलं तर वॉरंटीचा कागद काय कामाचा.

चौथऱ्यातून दोन वेगळे पाईप वर काढले: एक विजेच्या केबलला, एक फोटोसेल आणि बटणांच्या तारांना. एकाच पाईपातून दोन्ही नेल्या तर सिग्नलमध्ये गडबड होते.

ट्रॅकच्या लेव्हलवरून गवंडीमामांशी थोडा वाद झाला. भिंतीच्या कडेनं जमिनीला तीन इंच उतार आहे आणि त्यांना ट्रॅक त्याच उतारानं घ्यायचा होता, म्हणजे पाणी आपोआप वाहून जाईल. पण उतारावरचं गेट मोटर सोडवली, म्हणजे हातानं सरकवता यावं म्हणून किल्लीनं मोकळी केली, की आपोआप धावत सुटतं. लेव्हल पाईप लावून ट्रॅक दोन्ही टोकांना एका पातळीत घेतला आणि पाण्यासाठी बीमखालून दोन इंची पाईप आडवे टाकले.

३ मार्च

पोती टाकून पाणी मारणं संपलं. चौदा दिवस हात लावू दिला नाही.

९ मार्च

गेट आलं. दोन्ही कर्ण मोजले तर १८ मिलिमीटरचा फरक. म्हणजे चौकट काटकोनात नाही, आणि बंद केल्यावर खांबाशी वर फट, खाली घासट. परत पाठवलं. फॅब्रिकेशनवाल्यानं कुरकूर केली, पण त्याला द्यायचे पैसे उरलेले होते म्हणून काम झालं. गेट उतरवून घेण्याआधी टेपनं कर्ण मोजा, नंतर कोणी ऐकत नाही.

१६ मार्च

गेट ट्रॅकवर चढवलं. मोटर अजून खोक्यातच. काकांनी फॅब्रिकेशनच्या धंद्यात आयुष्य काढलंय, ते म्हणाले, "मोटरीचं नंतर बघा की. आधी एका हातानं सरकतंय काय ते बघा."

भाताची पोती तोलायचा ताणकाटा गेटच्या कडेला अडकवून ओढला. सुरू करायला ११ किलोचा जोर, आणि एका ठिकाणी १६ वर जाऊन गेट अडलंच. दीडशे किलोच्या गेटला, चाकं आणि ट्रॅक नीट असतील तर, चार-पाच किलोच्या वर जोर लागू नये.

कारणं दोन निघाली. ट्रॅकच्या २० मिलिमीटर गोल सळीच्या जोडांवर वेल्डिंगचे उंचवटे राहिले होते; बोट फिरवलं की कळत होते. ते ग्राइंडरनं सपाट केले. चाकं तीन इंची, एकेरी बेअरिंगची होती. ती बदलून चार इंची दुहेरी बेअरिंगची घातली. आता साडेचार किलो, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखे. अकरा किलोवर मोटर लावली असती तर ती चाललीच असती, पण जोर एवढा वाढवून ठेवावा लागला असता की अडथळा ओळखणं नावापुरतं उरलं असतं. या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची मोजणी ही आहे.

२० मार्च

स्टॉपर, रोलर आणि कॅचर. यात दुकानदाराला विकण्यासारखं काही नसतं म्हणून यावर कोणी बोलत नाही, पण सरकती गेटं माणसांच्या अंगावर पडतात ती इथल्याच चुकांमुळं. गेट टोकाला पोचल्यावर मोटर थांबवणारा लिमिट स्विच बिघडला किंवा कोणी मोटर सोडवून हातानं जोरात ढकललं, की गेट ट्रॅकच्या टोकावरून किंवा वरच्या रोलरमधून निसटतं आणि दीडशे किलो लोखंड आडवं होतं.

ट्रॅकच्या दोन्ही टोकांना १० मिलिमीटर प्लेटचे स्टॉपर बीमच्या सळ्यांना वेल्ड केले. नुसते फास्टनर नाहीत. वर नायलॉन रोलरच्या दोन जोड्या, एकमेकींपासून तीन फुटांवर, म्हणजे एक तुटली तरी दुसरी धरेल. बंद होणाऱ्या बाजूच्या खांबावर उलट्या 'यू'चा कॅचर, ज्यात गेटची कड जाऊन बसते.

हाच कॅचर चोरासाठीही आहे. सरकतं गेट फोडायची सोपी रीत म्हणजे पहारीनं खालून उचलून ट्रॅकवरून उतरवणं. चाकाची खाच जेवढी खोल, त्यापेक्षा वरची मोकळी जागा कमी ठेवली की गेट उचललं तरी खाचेतून बाहेर येत नाही. आमची खाच १० मिलिमीटर, वर जागा ६. दोघांनी पहार लावून उचलून पाहिलं. हललं, उतरलं नाही.

२८ मार्च

मोटर आणि रॅक. रॅक, म्हणजे गेटवर बसणारी दात्यांची पट्टी, एक-एक मीटरच्या तुकड्यांत येतो. दोन तुकड्यांच्या जोडावर दात चुकले तर मोटर दर वेळी तिथं खट्ट करते. इलेक्ट्रिशियननं उरलेला तुकडा उलटा धरून जोडावर दातात दात बसवला, क्लॅम्प मारला आणि मगच स्क्रू आवळले. जोड कुठं आहे ते आता कानाला कळत नाही.

रॅक आणि पिनियन, म्हणजे मोटरीचं दात्यांचं चाक, यांच्यात दीड मिलिमीटर जागा हवी. गेटचं वजन पिनियनवर टेकलं तर गिअरबॉक्स काही महिन्यांत जातो. फट मोजायचा फीलर गेज नव्हता. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. मुदत संपलेली दोन कार्डं एकत्र धरून पूर्ण लांबीवर फिरवली. मधे एका जागी शिरेनात, तिथला रॅक थोडा वर घेतला.

३० मार्च

वायरिंग. घरापासून चौथऱ्यापर्यंत आर्मर्ड केबल, दोन फूट खोल, वर विटांचा थर. जास्त करंट झाला की तोडणारा वेगळा एमसीबी, करंट गळू लागला की तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर, आणि त्याला स्वतःचं अर्थिंग. फोटोसेल बोर्डाला 'नॉर्मली क्लोज्ड' जोडला, म्हणजे तार तुटली किंवा कोणी कापली तर गेट बंद व्हायला नकार देईल, आंधळेपणानं बंद होणार नाही.

४ एप्रिल

जोर बसवण्याचं काम. गेट आणि खांब यांच्यामध्ये लाकडी ठोकळा, त्याला टेकवून घरातला वजनकाटा उभा धरला. कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर गेट ३८ किलोनं दाबत होतं आणि मग उलटं फिरत होतं. कमी करत करत १४ वर आणलं. घरचा काटा फक्त दाबून धरलेला जोर दाखवतो, आदळतानाचा क्षण त्याला पकडता येत नाही. त्यासाठी खास यंत्र लागतं. म्हणून बंद होतानाचा वेगही खाली आणला. गेट बंद व्हायला आता जास्त वेळ लागतो. लागू दे.

संध्याकाळी नवीन भानगड. साडेपाचनंतर गेट उघडायचं, पण बंद होईना. पश्चिमेकडे तोंड असलेल्या रिसीव्हरमध्ये मावळतीचं ऊन थेट शिरत होतं. पाठवणारा आणि घेणारा यांची अदलाबदल केली. आता रिसीव्हरचं तोंड पूर्वेला, आणि सकाळचं ऊन शेजारच्या घराआड अडतं.

१९ एप्रिल

शेतातून जळण घेऊन ट्रॅक्टर-ट्रॉली आली. ट्रॅक्टर आत गेला, आणि ट्रॅक्टर नि ट्रॉलीच्या मधल्या जागेत फोटोसेलची रेषा मोकळी झाली. रेषा जमिनीपासून दीड-पावणेदोन फुटांवर. मधला दांडा तिच्या खालून जातो. गेटला वाटलं वाट रिकामी आहे, आणि ते बंद व्हायला निघालं. ट्रॉलीला टेकलं आणि उलटं फिरलं. कमी करून ठेवलेला जोर कामाला आला. पत्र्याला पोचासुद्धा नाही. पण त्या जागी हूक काढायला वाकलेला माणूस असता तर?

'गाडी गेली की लगेच बंद' ही सोय कायमची बंद केली. ट्रॉली यायची असेल तेव्हा गेट उघडं धरून ठेवणारा वेगळा स्विच वरांड्यात बसवला. ज्यांच्याकडे ऊस-भाताची ट्रॉली येते त्यांनी हा स्विच पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.

११ मे

वळीव. विजा खूप जवळ पडल्या. गल्लीतल्या एका घरचा सीसीटीव्ही गेला. आमच्या सर्ज प्रोटेक्टरची हिरवी खूण लाल झाली, म्हणजे त्यानं मार खाल्ला, बोर्ड शाबूत. त्याचं आतलं काडतूस बदललं. याच विजेनं बोर्ड गेला असता तर खर्च दसपट होता.

१५ जून

पावसाची झड लागून चार दिवस झाले. गेट मधेच थांबून उलटं फिरू लागलं, कोणी आडवं नसताना. आधी वाऱ्यावर संशय, मग जोराच्या सेटिंगवर. जोर वाढवायचा मोह झाला, पण तो उपाय नव्हे. पेटी उघडली. तारांच्या पाईपमधून मुंग्या वर चढल्या होत्या, पांढरी अंडी बोर्डाच्या कोपऱ्यात रचलेली, आणि त्यांच्या मागोमाग आलेली एक पाल टर्मिनलच्या दोन स्क्रूंवर आडवी होऊन मेलेली. फोटोसेलच्या जोडणीत गडबड तीच करत होती. सगळं साफ केलं, दोन्ही पाईपांची तोंडं फोम भरून वर सिलिकॉननं बंद केली. ओतकामाच्या दिवशीच करायचं काम आहे हे.

ट्रॅकमध्ये काळा चिखल बसतो. चाकाच्या पुढं-मागं ब्रशचे तुकडे लावले, तेच ट्रॅक झाडत जातात.

२ जुलै

संध्याकाळी सातला गेलेला करंट सकाळी आला. रात्रभर बॅटरीवर गेट चाललं. मी आलो, सकाळी दूध सोसायटीची गाडी आली, तरी अडलं नाही. बॅटऱ्या दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागतील हे धरून चाललोय.

मोटर सोडवायच्या किल्लीबद्दल. याच बनावटीची मोटर ओळखीच्या एका घरी आहे. त्यांची किल्ली आमच्या मोटरीत फिरवून पाहिली, उघडली. म्हणून मोटर बाहेरून हात पोचणार नाही अशा अंतरावर आहे ना, हे रस्त्यावर उभं राहून काठीनं तपासलं. तीन फूट कमी पडते. पेटीला वेगळं कुलूप मात्र घातलं नाही. कोणी सापडलं तर घरातल्या कुणालाही, आईलासुद्धा, तत्काळ मोटर सोडवता आली पाहिजे. तिच्याकडून ते करून घेतलं. दोनदा अडखळली, मग जमलं.

१३ जुलै

खर्चाचा हिशोब पूर्ण झाला. पाया आणि बीम २७,०००. गेट, ट्रॅक, चाकं, रंग ३१,०००. मोटर, बॅटऱ्या, रॅक, फोटोसेल, रिमोट जीएसटीसह ४६,०००. केबल, अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर, मजुरी १४,५००. छोटं गेट ६,०००. एकूण १,२४,५००. पायाच्या कामात वाचवायला गेलो असतो तर आठेक हजार वाचले असते, आणि आज ट्रॅक उचललेला असता. बाजूच्या भिंतीला या पावसात तडा गेलाय, बीम जागेवर आहे.

राहिलेली कामं: गेटच्या कडेला रबरी सेफ्टी एज, ८.२ किलोओहमची, म्हणजे फोटोसेलच्या रेषेवरून वर असलेलं काहीही टेकताच कळेल. बोर्डाला ती जोडायची जागा आहे, माल बंगळुरूहून मागवलाय. आणि दिवाळीच्या आत ताणकाटा लावून ओढ पुन्हा मोजायची. सहा किलोच्या वर गेली तर आधी चाकं बघायची, मोटरीच्या सेटिंगला हात लावायचा नाही.